टेक स्टार्टअप आणि व्हेंचर कॅपिटल: संस्थापक वारंवार विचारतात ते प्रश्न

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी पहिली कंपनी काढणारी मुलं-मुली भेटतात तेव्हा तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मधले काही प्रश्न जास्त लांब झाले आहेत, कारण संस्थापकांचं नुकसान होतं ते बहुतेक तिथेच. फंडातला पैसा कुणाचा आहे आणि तो त्यांना कधीपर्यंत परत द्यायचा आहे, हे एकदा कळलं की फंडाच्या बहुतेक अटी आणि बहुतेक नकार समजू लागतात. म्हणून दुसरा आणि तिसरा प्रश्न तरी सोडू नका.

व्हेंचर कॅपिटल आणि बँकेचं कर्ज यात फरक काय?

व्हेंचर कॅपिटल फंड तुमच्या कंपनीचा हिस्सा विकत घेतो. हप्ता नाही, व्याज नाही, घर तारण ठेवावं लागत नाही. बँक बघते की पैसे परत येतील का. फंड बघतो की कंपनी किती मोठी होऊ शकेल, आणि ती पार बुडण्याची शक्यता धरूनच चालतो.

ही पद्धत अमेरिकेत रुजली. बोस्टनमध्ये १९४६ साली जॉर्ज डोरियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही संस्था काढली. १९५७ मध्ये त्यांनी 'डिजिटल इक्विपमेंट' या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर गुंतवले. पुढे त्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. एका कंपनीने बाकी सगळ्यांचं नुकसान भरून काढायचं, हा या धंद्याचा हिशेब तेव्हापासूनचा आहे. आपल्याकडे आयसीआयसीआय आणि यूटीआय यांनी मिळून १९८८ मध्ये टीडीआयसीआय ही गुंतवणूक संस्था सुरू केली, तिथून संस्थात्मक व्हेंचर कॅपिटलला आकार आला.

फंडाकडे पैसा येतो कुठून?

समोर बसलेल्या व्यक्तीच्या खिशातून येत नाही, निदान बहुतांश तरी नाही. भारतात असे फंड सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली 'पर्यायी गुंतवणूक निधी' म्हणजे एआयएफ म्हणून नोंदवले जातात. अशा फंडात पैसे घालणाऱ्याला साधारणपणे किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, आणि योजनेचा एकूण निधी किमान २० कोटींचा असावा लागतो. फंड चालवणाऱ्यांना स्वतःचेही पैसे घालावे लागतात: निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी, यांतली जी रक्कम कमी असेल ती. उरलेला पैसा उद्योजक घराण्यांचा, संस्थांचा, श्रीमंत व्यक्तींचा असतो. सरकारचाही असतो. २०१६ साली स्टार्टअप इंडिया मोहिमेत १०,००० कोटींचा 'फंड ऑफ फंड्स' जाहीर झाला. तो सिडबी, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी विकास बँक, चालवते. सिडबी थेट स्टार्टअपला पैसे देत नाही, ती फंडांना देते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. फंडाला आयुष्य असतं, बहुधा ८ ते १० वर्षांचं. त्यानंतर गुंतवणूकदारांची मंजुरी घेऊन दोनेक वर्षं वाढवता येतं. पहिली तीन-चार वर्षं नव्या कंपन्या निवडायच्या, मग त्यांना सांभाळायचं, आणि शेवटी हिस्सा विकून पैसे परत करायचे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: "हा फंड कोणत्या वर्षीचा आहे? त्याचं आयुष्य किती उरलं आहे?" सातव्या वर्षातला फंड पैसे देत असेल, तर तीन वर्षांत कंपनी विका म्हणून तगादा सुरू होऊ शकतो. हा प्रश्न विचारायला संस्थापक संकोचतात. संकोचू नका. चांगला फंड याचं सरळ उत्तर देतो.

आमची कंपनी नफ्यात आहे, ग्राहक खूश आहेत. तरीही फंड नकार का देतात?

कारण त्यांचं गणित वेगळं असतं. समजा फंड २०० कोटींचा आहे. वर्षाला साधारण २ टक्के व्यवस्थापन शुल्क धरलं तर दहा वर्षांत ४० कोटी तिथेच जातात. गुंतवायला उरले १६० कोटी. ते २५ कंपन्यांत घातले. प्रत्येकीत सुरुवातीला १५ टक्के हिस्सा मिळाला. पैसे उभारण्याच्या पुढच्या फेऱ्यांत नवे गुंतवणूकदार येतात आणि तो घटून १० टक्क्यांवर येतो, असं धरू. मूळचे २०० कोटी एकाच कंपनीतून परत यायचे असतील तर ती कंपनी २,००० कोटींना विकली गेली पाहिजे. आणि हे झालं फक्त मुद्दल. गुंतवणूकदारांना तिप्पट हवं असतं. ठरलेला किमान परतावा देऊन झाल्यावर उरलेल्या नफ्यात फंड चालवणाऱ्यांना साधारण २० टक्के मिळतात.

या गणितात मधली कंपनी बसत नाही. वर्षाला २५ कोटींची उलाढाल आणि त्यावर २० टक्के नफा असलेली सॉफ्टवेअर सेवा कंपनी हा उत्तम धंदा आहे. पन्नास-साठ घरं त्यावर चालतात. तिला बँक कर्ज देईल, मालक सुखाने राहील. पण ती दहा वर्षांत शंभरपट होणार नाही, म्हणून फंड येणार नाही. हा तुमच्या धंद्याचा कमीपणा नाही. माझं स्पष्ट मत आहे की फंडाकडे जाणाऱ्या बहुतेक कंपन्यांना फंडाची गरज नसते. त्यांना हवे असतात वेळेवर बिल चुकते करणारे दोन मोठे ग्राहक आणि खेळत्या भांडवलाची सोय.

उलट बाजूही बघा. नोकरी.कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने २०१० मध्ये झोमॅटोत, तेव्हाच्या फूडीबेमध्ये, साधारण ४.७ कोटी रुपये घातले होते. ११ वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, झोमॅटो शेअर बाजारात आली तेव्हा त्या हिश्शाची किंमत हजारो कोटींत होती. प्रत्येक फंड असा एक झोमॅटो शोधत असतो.

नुसत्या कल्पनेवर पैसे मिळतात का?

क्वचित मिळतात, तेही आधी एखादी कंपनी उभी करून दाखवलेल्यांना. इतरांकडे पुरावा मागतात, आणि डाउनलोडचे आकडे हा पुरावा धरत नाहीत. समजा तुम्ही नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठी रोगाची आगाऊ सूचना देणारं अ‍ॅप केलं. ५,००० जणांनी उतरवून घेतलं, हे ऐकून कुणी हलत नाही. पण मागच्या हंगामात ४० बागायतदारांनी पैसे मोजले, त्यातल्या ३१ जणांनी यंदा न सांगता पुन्हा भरले, आणि फवारणीच्या खर्चात किती फरक पडला याची त्यांच्याच वहीतली नोंद तुमच्याकडे आहे, असं म्हणालात तर समोरचा लॅपटॉप बंद करून ऐकू लागतो. आकडा लहान असला तरी चालतो. तो खरा असावा, आणि 'का' हे तुम्हाला सांगता यावं.

यंत्र, औषध, नवा पदार्थ असं काही बनवत असाल तर ग्राहक यायच्या आधीच पैसा लागतो. त्या टप्प्यावर हिस्सा विकण्याआधी अनुदान बघा. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेतून, मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणारी संस्था), संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती आणि बाजारात उतरायला परिवर्तनीय स्वरूपात किंवा कर्ज म्हणून ५० लाखांपर्यंत. सध्या अर्ज घेतले जातात का, ते इनक्युबेटरकडे विचारा. जैवतंत्रज्ञानात असाल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंतचं असतं. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं 'साइन' या दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळेतून निघालेल्या कंपन्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. तिथे जाऊन बसा, बोला.

सुरुवातीला मामांकडून किंवा मित्राकडून पैसे घेतले तर चालतात ना?

कसे घेता यावर आहे. कंपनीच्या खात्यात उसने म्हणून घेतलेले पैसे कंपनी कायद्यात 'ठेव' ठरू शकतात, आणि खाजगी कंपनीला ठेवी घेण्यावर कडक बंधनं आहेत. संचालकाने किंवा त्याच्या नातेवाइकाने, पैसे स्वतःचे आहेत असं लिहून देऊन दिलेली रक्कम चालते. पण कायद्यातली 'नातेवाईक' ही यादी आपल्या लग्नपत्रिकेतल्या यादीपेक्षा फार छोटी आहे: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य. मामा नाहीत. मित्र तर नाहीतच.

मामांना खरंच मदत करायची असेल तर त्यांना रीतसर शेअर द्या. त्यालाही पद्धत आहे. कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना असा देकार देता येत नाही, आणि त्याची जाहिरात करता येत नाही. 'आमच्या स्टार्टअपमध्ये गुंतवा' असा मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं. पैसे वेगळ्या बँक खात्यात आले पाहिजेत, ६० दिवसांत शेअर वाटले गेले पाहिजेत, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा फॉर्म भरला पाहिजे. आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. हे शेवटचं अनेकांना माहीतच नसतं. पैसे आले की दुसऱ्या दिवशी पगार होतात, आणि दोन वर्षांनी फंडाचा वकील नेमकं त्याच नोंदीवर बोट ठेवतो.

फंडिंग मिळवून देतो म्हणून कुणी आधी फी मागितली तर?

देऊ नका. खरा फंड तुमच्याकडून अर्जाची, प्रेझेंटेशनची किंवा 'प्रोसेसिंग'ची फी घेत नाही. व्यवहार पूर्ण झाल्यावर टक्केवारी घेणारे सल्लागार असतात, ते वेगळं. फंडाचं नाव सेबीच्या संकेतस्थळावरच्या एआयएफच्या यादीत शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. मग त्यांनी ज्यांना पैसे दिले त्या दोन-तीन संस्थापकांना फोन करा. त्यातला एक, कंपनी बंद पडलेला असावा. वाईट दिवसांत फंड कसा वागला, हे तोच सांगू शकतो.

व्हॅल्युएशन कसं ठरतं?

व्हॅल्युएशन म्हणजे कंपनीची किंमत. सुरुवातीच्या टप्प्यावर ती ताळेबंदावरून ठरत नाही. तुम्हाला पुढचे १८ ते २४ महिने किती पैसा लागेल आणि फंडाला किती टक्के हवेत, या दोन आकड्यांतून ते उलटं निघतं. २ कोटी हवे आहेत, २० टक्के द्यायचे आहेत, तर पैसे आल्यानंतरची किंमत १० कोटी आणि आधीची ८ कोटी.

इथे थांबून एक बारकावा बघा. दोघे संस्थापक आहेत, निम्मे-निम्मे. फंड म्हणतो, कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर बाजूला ठेवा, आणि ते आमचे पैसे यायच्या आधी ठेवा. ऐकायला रास्त वाटतं. पण पैसे आल्यावरचं चित्र असं होतं: फंड २० टक्के, कर्मचारी १०, तुम्ही दोघे ३५-३५. म्हणजे १० कोटींपैकी तुमच्या दोघांचा हिस्सा ७ कोटींचा. कागदावर ८ कोटी दिसत होते, त्यातला एक कोटी कर्मचारी-हिश्शात गेला, आणि तो सगळा तुमच्याच बाजूने. त्या १० टक्क्यांवर बोलणी करता येते. पुढच्या दीड वर्षात कोण कोण नेमायचे आहेत त्यांची यादी करा, प्रत्येकाला किती शेअर द्यावे लागतील ते लिहा. बेरीज ६ टक्के आली तर ६ च बाजूला ठेवा.

सेफ, आयसेफ, परिवर्तनीय नोट हे काय असतं?

आज किंमत ठरवण्याचा वाद टाळून पैसे घ्यायचे मार्ग. किंमत पुढच्या फेरीत ठरते, आणि त्यावर सवलत किंवा कमाल मर्यादा लावून शेअर मिळतात. 'सेफ' हा करार अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअप घडवणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये आणला. भारतीय कायद्यात तो जसाच्या तसा बसत नाही, म्हणून मुंबईच्या १००एक्स.व्हीसीने २०१९ मध्ये 'आयसेफ' तयार केला. तो कायद्याच्या दृष्टीने सक्तीने परिवर्तनीय असलेला प्रेफरन्स शेअरच असतो, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलावाच लागणारा. परिवर्तनीय नोट म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज. ती फक्त केंद्राची स्टार्टअप म्हणून मान्यता असलेल्या कंपनीला काढता येते. एका गुंतवणूकदाराने एकाच हप्त्यात किमान २५ लाख द्यावे लागतात आणि १० वर्षांच्या आत ती शेअरमध्ये बदलावी किंवा फेडावी लागते.

असे चार-पाच कागद वेगवेगळ्या मर्यादांनी एकावर एक काढत गेलात, तर पहिल्या मोठ्या फेरीत ते सगळे एकदम शेअर होतात. प्रत्येक कागदावर सही करण्याआधी, सगळे शेअरमध्ये बदलल्यावर तुमच्याकडे किती उरेल, याचा तक्ता एक्सेलमध्ये मांडून बघा.

टर्मशीटमध्ये सगळ्यात आधी काय वाचावं?

टर्मशीट म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद. त्यात आधी वाचा लिक्विडेशन प्रेफरन्स. म्हणजे कंपनी विकली किंवा बंद झाली तर आधी कुणाला किती मिळणार. फंडाने १० कोटी घालून २५ टक्के घेतले आहेत असं धरा.

कंपनी १२ कोटींना विकली गेली. साधी एकपट अट असेल तर फंड एकतर आपले १० कोटी घेतो, किंवा २५ टक्क्यांनी ३ कोटी घेतो. अर्थात तो १० घेईल. उरलेले २ कोटी बाकी सगळ्यांत. इथपर्यंत न्याय्य आहे, कारण पैसा त्यांनी घातला होता. पण अट 'पार्टिसिपेटिंग' असेल तर फंड आधी १० घेतो आणि उरलेल्यातही २५ टक्के घेतो. मग त्याला साडेदहा, तुम्हाला दीड.

खरा फरक चांगल्या दिवसांत दिसतो. कंपनी १०० कोटींना गेली. साध्या अटीत फंड शेअर बदलून घेतो आणि २५ कोटी नेतो. पार्टिसिपेटिंगमध्ये १० कोटी आधी, वर उरलेल्या ९० चे २५ टक्के, म्हणजे एकूण साडेबत्तीस. व्हॅल्युएशनवर आठवडाभर घासाघीस करणारे संस्थापक या एका शब्दावर न वाचता सही करतात, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या फेरीत एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग एवढंच मान्य करा.

पुढे अँटी-डायल्युशन. पुढची फेरी कमी किमतीला झाली तर फंडाला जादा शेअर मिळतात. जुन्या-नव्या किमतींची सरासरी काढणारा 'ब्रॉड-बेस्ड वेटेड अ‍ॅव्हरेज' हा प्रकार रूढ आहे. फंडाची जुनी किंमत थेट नव्या कमी किमतीवर आणणारा 'फुल रॅचेट' नाकारा. संस्थापकांचं व्हेस्टिंग, म्हणजे शेअर कंपनीत राहून हळूहळू पक्के होणं, बहुधा चार वर्षांचं, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काही नाही असं असतं. तुम्ही आधी दोन वर्षं राबला असाल तर ती दोन वर्षं मोजून घ्या. व्हेस्टिंगला बिचकू नका. अर्ध्या वाटेत सोडून गेलेल्या भागीदाराकडे ४० टक्के हिस्सा अडकून पडण्यापासून तेच तुम्हाला वाचवतं.

ज्या निर्णयांना फंडाची संमती लागते त्यांची यादीही बारकाईने बघा. नवे शेअर काढणं, कंपनी विकणं, मोठं कर्ज घेणं हे ठीक. पण ५ लाखांच्या खरेदीला किंवा प्रत्येक नेमणुकीला संमती लागत असेल तर तुम्ही मालक उरत नाही. आणि वकील स्वतःचा घ्या, असे करार नेहमी करणारा. जमिनीचे व्यवहार बघणारे ओळखीचे वकीलसाहेब कितीही चांगले असले तरी या कामासाठी नकोत.

ड्यू डिलिजन्समध्ये कुठे अडकतं?

ड्यू डिलिजन्स म्हणजे पैसे देण्याआधी फंड करतो ती कंपनीची तपासणी. ती अडते कोड कुणाचा, इथे. संस्थापकाने तो आधीच्या नोकरीत असताना, कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेला असतो. किंवा फ्रीलान्सरने लिहिलेला असतो आणि हक्क हस्तांतरणाचा कागद नसतो. किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतलं संशोधन असतं आणि संस्थेचा त्यावर हक्क असतो. हे तिन्ही आधीच निस्तरा. पहिल्या संपर्कापासून पैसे खात्यात येईपर्यंत तीन ते सहा महिने धरा आणि तेवढे पगार देता येतील अशा वेळीच सुरुवात करा.

एंजल टॅक्स अजून लागतो का?

नाही. वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर विकून आलेल्या जादा पैशावरचा, २०१२ च्या अर्थसंकल्पातून आलेला हा कर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, १ एप्रिल २०२५ पासून. शेअरची किंमत ठरवणारा अहवाल मात्र कंपनी कायद्यासाठी लागतोच.

अमेरिकेतला मित्र पैसे घालायला तयार आहे. कंपनी तिकडेच नोंदवू का?

केवळ त्याच्यासाठी नको. मित्र अनिवासी भारतीय असेल आणि पैसे परत बाहेर नेण्याचा हक्क न ठेवता गुंतवत असेल तर ती गुंतवणूक देशी गुंतवणुकीसारखीच धरतात. हक्क ठेवून गुंतवली तर शेअर वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो, आणि किंमत प्रमाणित वाजवी किमतीपेक्षा कमी ठेवता येत नाही. मुदत चुकवू नका.

ग्राहक तिकडचेच असतील तर डेलावेअर या अमेरिकी राज्यातली नोंदणी सोयीची ठरते. पण परतीचा रस्ता महाग आहे. फोनपेने २०२२ मध्ये मुख्य कंपनी सिंगापूरहून भारतात आणली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. पुण्याच्या ड्रुवासारख्या, परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा विचार वेगळा, आणि महाराष्ट्रातल्या दुकानदारांना सेवा देणाऱ्या कंपनीचा वेगळा.

इंग्रजी अडखळतं. प्रेझेंटेशन जमेल का?

जमेल. कागदपत्रं इंग्रजीत लागतात, ती कुणाकडून तरी नीट करून घ्या. बोलताना मराठी-हिंदी मिसळली तर मुंबई-पुण्यात कुणाचं काही अडत नाही. आकडे पाठ नसतील तर मात्र अडतं. महिन्याला किती खर्च, एक ग्राहक मिळवायला किती लागतात, किती सोडून जातात, हातात किती महिन्यांचा पैसा, एवढं झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

कंपनी बंद पडली तर फंडाचे पैसे परत द्यावे लागतात का?

नाही, ते भागभांडवल आहे. तुम्ही वैयक्तिक हमी दिलेली नसेल आणि हिशेबात लबाडी केलेली नसेल तर तुमच्या घरापर्यंत कुणी येत नाही. म्हणूनच करारात संस्थापकाने स्वतःच्या नावाने दिलेल्या हम्या वकिलाकडून तपासून घ्या, आणि त्यांना रकमेची व मुदतीची मर्यादा घालून घ्या. पैसा संपत आलाय हे फंडाला तीन महिने आधी सांगा. आधी कर्मचाऱ्यांचे पगार आणि भविष्यनिर्वाह निधी, मग जीएसटी आणि टीडीएस, मग पुरवठादार. कापून घेतलेला टीडीएस न भरणं हा गुन्हा आहे आणि त्याची जबाबदारी संचालकावर येते. सगळी देणी मिटली की एसटीके-२ अर्ज करून कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून घ्या. तसंच सोडून दिलंत आणि तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत, तर पाच वर्षं दुसऱ्या कंपनीत संचालक म्हणून नेमणूक होत नाही. मग नव्या कल्पनेसाठी नवी कंपनी काढायची म्हटलं तरी ती दुसऱ्याच्या नावावर काढावी लागेल.